जोडीदारणीचं कोपर

अमरावतीच्या फिजिओथेरपी कॉलेजात आम्ही एकमेकींच्या अंगावर शिकलो. दुसरा उपाय नसतो. मणके कसे मोजायचे, खांद्याचं हाड कुठं संपतं, पाठीचा कोणता स्नायू ताठलेला आहे, हे नुसतं वाचून कळत नाही. म्हणून वर्गात जोड्या लावत. एकीनं पलंगावर पालथं झोपायचं, दुसरीनं हात लावून शोधायचं, मग अदलाबदल. जोड्या रोल नंबरानं लागत आणि माझ्या पुढचा नंबर अकोल्याच्या एका मुलीचा होता.

मी नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातली. घरी काळी शेती, तूर-सोयाबीन-कपाशी. सुट्टीच्या दिवशी वेचणीला जाणारे माझे हात होते, राकट. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तसंच मीही बोलायची आणि बाहेरून आलेल्या मुली हसायच्या. ती हसली नाही, कारण तीही तशीच बोलायची. तिचे अब्बा अकोल्यात बायकांचे कपडे शिवायचे. तिची अम्मी दर्यापूरकडची. घरात अब्बांशी हिंदी, अम्मीशी वऱ्हाडी, असं तिचं दोन्ही भाषांत चालायचं.

मॅडमनी पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येकीला स्वतःचा एक केस तोडून वहीच्या पानाखाली ठेवायला लावला. डोळे मिटून वरून बोट फिरवायचं आणि केस शोधायचा. सापडला की आणखी एक पान वर टाकायचं. मला तीन पानांच्या पुढं काही लागेना. ती अकरा पानांवरून सांगायची, "हा पाह्य, इथून असा तिरपा गेला." लहानपणापासून कापडाचा उभा धागा, आडवा धागा बोटानं ओळखायची सवय होती तिला. माझ्या पाठीवर हात ठेवला की ती म्हणायची, "डाव्या बाजूनं बादली उचलतं न तू?" आणि ते खरं असायचं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला की ती ओरडायची, "अवं, जरा हलक्या हातानं! पाठ हाये माही, ढेकूळ नाई."

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता ती राजापेठेत स्कूटीवरून पडली. ट्यूशनची पोरं सुटायची वेळ होती, एकजण अचानक आडवा आला, हिनं ब्रेक दाबला आणि रस्त्यावरच्या रेतीवर गाडी घसरली. पडताना उजवा हात टेकला गेला. कोपर निखळलं आणि हाडाचा एक लहान कपचा उडाला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सांधा बसवून झाला होता आणि हात प्लास्टरमध्ये होता. ती भुलीतून अर्धवट जागी होऊन मला म्हणाली, "रेडियसचं डोकं वाचलं का पाह्य एक्स-रेत." तशा अवस्थेतही कोपराजवळच्या त्या हाडाबद्दल तिला परीक्षेत विचारल्यासारखं उत्तर हवं होतं.

संध्याकाळी तिचे अब्बा बसनं आले. गळ्यात शिलाईची टेप तशीच लोंबत होती. दुकानातून निघाले ते थेट आले होते आणि दोन तासांच्या प्रवासात ती काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटा, टूटने के बाद हाथ चलाना, यही तो तुम लोगों की पढ़ाई है ना?"

मी हो म्हटलं.

"तो फिर घर ले जाके मैं क्या करूँ? यहीं रहने दो. तुम हो, मॅडम हैं."

ते तिला आमच्या भरवशावर सोडून दुसऱ्या दिवशी परत गेले.

तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, कातडी कोरडी पडलेली आणि कोपर वाकलेलं. सरळ करायला सांगितलं तर पंचेचाळीस अंश कमी पडत होते. सांध्याचा कोन मोजायची आमच्याकडं एक प्लास्टिकची पट्टी असते, दोन फिरत्या पात्यांची. मॅडमनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रोज सकाळी माप, वहीत लिही. व्यायाम तिनंच करायचा. तू तिचा हात ओढायचा नाहीस, दाबायचा नाहीस, मालिश तर अजिबात नाही. कोपर फार रागीट सांधा असतो. त्याच्यावर जबरदस्ती केली की तो आणखी आखडतो."

हे आम्हाला आधीच शिकवलेलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या लेखी परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं. मार लागलेल्या स्नायूला पुन्हा पुन्हा ताण दिला तर कधीकधी त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागतं, म्हणून कोपराला जोर लावू नये. मला चांगले मार्क मिळाले होते.

पहिले पंधरा दिवस वहीतले आकडे उतरत गेले. पंचेचाळीस, चाळीस, अडतीस, चौतीस. ती सकाळी गरम पाण्याच्या बादलीत हात धरून बसायची, मग टेबलावर टॉवेल सरकवायची, पुढं-मागं, पुढं-मागं. मग आकडा तिसावर येऊन थांबला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. मी पट्टी लावायची आणि ती माझ्या चेहऱ्याकडं पाहायची. मी काही बोलायच्या आधीच म्हणायची, "तीसच न?"

तिकडं प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा लागल्या. आमच्या हस्तोपचाराच्या परीक्षेत रुग्णाच्या पाठीवर दोन्ही हात सरळ ठेवून, अंगाचं वजन हातावरून खाली सोडत मणक्यावर दाब द्यायचा असतो. कोपर वाकलेलं असलं की वजन खाली जात नाही, मनगटात अडकतं. तिनं एकदा माझ्या पाठीवर करून पाहिलं आणि हात झटकला. "होऊन नाई राहिलं," म्हणाली. ज्या विषयात ती वर्गात सगळ्यांत पुढं होती, त्याच विषयाच्या परीक्षेला ती बसू शकणार नव्हती.

त्या रविवारी होस्टेलच्या बहुतेक मुली मोझरीला गुरुकुंज आश्रमात गेल्या होत्या. आम्ही दोघीच मागं राहिलो. दुपारी जेवून आम्ही खोलीत बसलो होतो. ती टेबलावर टॉवेल सरकवत होती. अचानक थांबली आणि म्हणाली, "तू दाब."

"काय?"

"दाब म्हणतो न. मी वरून किती बी केलं तरी तो तीसच दाखवते. बाहेरून जोर लागल्याबिगर हे सुटत नाई आता."

"मॅडमनी नाही म्हटलं आहे."

"मॅडमले परीक्षा द्यायची हाये का?"

मी तिला पुस्तकातलं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "थोडंसं. पाच अंश. तुह्या हातात जोर हाये, दुसरी कोणी असती तर मी म्हटलं नसतं."

या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. दोन वर्षं ज्या हातांना ती ढेकळं फोडणारे हात म्हणत होती, त्याच हातांची तिला आता गरज होती. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. नियम मोडताना मला भीती वाटली, पण त्याच्या बरोबरीनं, आपण हिच्या कामी येतो आहोत, असंही वाटलं.

मी तिचा दंड उशीवर टेकवला, मनगट धरलं आणि खाली दाबलं. तिनं ओढणी दातांत धरली. काही क्षण काहीच हललं नाही. मग माझ्या तळव्याखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं, ओल्या दोरीचा पीळ सैल व्हावा तसं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती मानेनं 'आणखी' म्हणत होती. मी पट्टी लावली. बावीस.

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत धपका घातला. मी खाली जाऊन कचोऱ्या आणल्या आणि आम्ही त्या पलंगावर बसून खाल्ल्या. त्या आठवड्यात आम्ही आणखी तीन वेळा तसं केलं, मुली लायब्ररीत गेल्यावर, दार लावून. वहीत मात्र मी मॅडमना शंका येऊ नये म्हणून तीस, अठ्ठावीस, सत्तावीस असं हळूहळू उतरवत लिहिलं. खोटं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिचं कोपर सुजलेलं होतं. पुढची बाजू लाल आणि हाताला गरम. दोन दिवस आम्ही बर्फ लावून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तिला घास तोंडापर्यंत नेता येईना. मी पट्टी लावली. आता पन्नास अंश कमी पडत होते. ती पट्टी तिनं माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चाल. मॅडमकडं."

मॅडमनी आमचं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. त्यांनी वही मागितली. पानं उलटली आणि विचारलं, "यातले खरे आकडे कोणते?" मी बोटानं दाखवले. त्यांनी लाल पेनानं खोटे आकडे एकेक करून खोडले. त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी ते पाहत होते आणि मला वाटत होतं, त्यांनी एकदा ओरडावं.

पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथं नुसता स्नायू असायला हवा, तिथं एक पांढुरकी, धूसर सावली होती. स्नायूत हाड धरू लागलं होतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, आता हात लावायचा नाही, आराम द्यायचा, हे हाड पिकेपर्यंत, म्हणजे वाढ थांबून घट्ट होईपर्यंत वाट पाहायची, मग पुढचं पुढं. मी त्यांना विचारलं, "सर, हे आम्ही दाबल्यामुळंच झालं का?"

ते म्हणाले, "निखळलेल्या कोपरात हे काही न करताही होतं. तुमच्यामुळं झालं की आपोआप झालं, हे कुणीच सांगू शकणार नाही."

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "तेवढ्यावर सुटलीस असं समजू नकोस. झालं कशामुळं ते कळणार नाही. पण तू काय केलंस ते तुला माहीत आहे."

तिच्या घरी सांगायला मी स्वतः गेले. तिनं नको म्हटलं होतं. बडनेरा, मूर्तिजापूर करत बस चालली होती आणि ती खिडकीशी बसून झोपली होती, उजवा हात मांडीवर. मी वाटभर वाक्यं जुळवत होते. अकोल्याला पोचल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. अब्बा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला. अम्मी आतून पाणी घेऊन आली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मोझरीचा रविवार, बंद दार, चार वेळा, वहीतले खोटे आकडे. जोडीदारीण मध्येच म्हणाली, "अम्मी, मीच म्हटलं होतं तिले दाब म्हणून."

अम्मीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहत म्हणाली, "तुले माहीत होतं, असं करू नोको म्हणून?"

"हो."

"मग काहून केलं?"

"ती म्हणाली म्हणून," एवढंच मी म्हणाले.

"हिचं दुखत होतं. हिची अक्कल ठिकाणावर नव्हती. तुही अक्कल तर होती न?"

आजवर मला कुठल्या शिक्षकानं याहून खरं काही सांगितलेलं नाही. ती रागानं बोलली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

अब्बा बराच वेळ शिलाईच्या कापडावरचे दोरे वेचत बसले. मग म्हणाले, "अब आगे क्या करना है, वो बताओ."

मी सांगितलं, आराम, हात झोळीत, वजन उचलायचं नाही, कुणालाही मालिश करू द्यायची नाही. शेजारपाजारचं कुणी तेल घेऊन आलं तरी नाही. दवाखान्यातून मिळालेली झोळी तिच्या मानेला काचत होती, लाल वळ उठले होते. त्यांनी ते पाहिलं. उठून कपाटातून जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा काढला आणि मला म्हणाले, "हाथ कैसा रहना चाहिए, वैसा पकड़ के दिखाओ."

त्या दिवसांत मी तिच्या हाताला स्पर्श करणं टाळत होते. बसमध्येसुद्धा मुद्दाम डाव्या बाजूला बसले होते. आता मला तिचं कोपर एका हातावर आणि मनगट दुसऱ्या हातावर तोलून धरावं लागलं. ती माझ्या डोळ्यांत न पाहता भिंतीकडं पाहत होती. अब्बांनी गळ्यातली टेप काढली, कोपरापासून मनगटापर्यंत मापली, खांद्यापासून मापली आणि खडूनं कापडावर खुणा केल्या. अर्ध्या तासात झोळी तयार झाली, मानेकडची पट्टी रुंद, आत कापसाची पातळ घडी. तिनं ती घातली, मान हलवून पाहिली आणि म्हणाली, "आता नाई काचत."

निघताना अम्मी बाहेर आली नाही. पण तिनं डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊन पाठवली, बसमध्ये खायला.

ती त्या परीक्षेला बसली नाही. मी बसले, दुसऱ्याच एका मुलीशी जोडी लावून, आणि पास झाले. निकालाच्या दिवशी मी तिला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तिचाच आला. "पास झाली तरी सांगून नाई राहिली? एवढी काय मोठी झाली?" मी रडायला लागले. तिनं फोन ठेवला नाही आणि समजूतही घातली नाही, माझं होईपर्यंत थांबून राहिली.

पुढं तिचा हात किती सुटला, तर सरळ व्हायला पस्तीस अंश कमी पडतात, तेवढा. वाकवताना बोटं तोंडाला पोचतात, खांद्याला पोचत नाहीत. वर्षभरानं डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं. फायदा होईल किंवा होणार नाही, असं दोन्ही सांगितलं. तिनं घरी बसून विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. "जेवढा हाये तेवढ्यावर काय होते ते पायतो," म्हणाली.

त्याआधीच, हुकलेल्या परीक्षेनंतर सहा महिन्यांनी ती परीक्षेला बसली तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. बाहेरगावच्या परीक्षकांना तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "सर, माझं उजवं कोपर सरळ होत नाही. मी माझ्या पद्धतीनं करून दाखवते." तिनं पलंग अगदी खाली घेतला, एक गुडघा त्यावर टेकला, डावा हात खाली आणि त्यावर उजव्या हाताचा पुढचा भाग आडवा ठेवला आणि तिथून वजन सोडलं. परीक्षकांनी रुग्ण म्हणून झोपलेल्या मुलाला विचारलं, "काय वाटतंय?" तो म्हणाला, "बरोबर दुखतं तिथंच लागलं." त्यांनी तिला पुन्हा करायला लावलं आणि बाकीच्या विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. आतलं मला दिसत नव्हतं.

मी आता अमरावतीतच एका हॉस्पिटलात काम करते. रोज कुणी ना कुणी म्हणतंच, "मॅडम, लावा जोर, मी सहन करतो." क्रिकेट खेळणारी पोरं म्हणतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायका म्हणतात, घरी लग्न असलेले तर हमखास म्हणतात. माणसाला लवकर बरं व्हायची घाई असते आणि दुखलं म्हणजे काहीतरी होतंय, असं त्याला वाटतं. काही सांध्यांना जोर लावावा लागतोही. कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे मला माहीत आहे, पण माहीत तर तेव्हाही होतं. म्हणून समोरच्यानं जोर लाव म्हटलं की मी आधी हात काढून घेते आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसते. कशाची घाई आहे ते विचारते. अनेकदा उत्तर ऐकल्यावर जोर लावायची गरजच उरत नाही. कधी उरते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी सांगते, माझ्या वहीसकट.

ती अकोल्यात लहान मुलांबरोबर काम करते, जन्मापासून हातपाय ताठ असलेल्या, मान न धरणाऱ्या मुलांबरोबर. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडं गेले होते. खोलीत रंगीत चेंडू, गाद्या, भिंतीला आरसे. एक चार वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर बसून तिच्या वाकलेल्या कोपरात आपली मान टेकून होती. ते कोपर त्या मानेच्या बरोबर मापाचं दिसत होतं. मी तसं म्हणणार होते, पण म्हटलं नाही. आपल्या समाधानासाठी तसं म्हणणं मला बरं वाटलं नाही.

मुलगी गेल्यावर आम्ही चहा घेत बसलो. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं. "तुला माझा राग येतो का कधी?"

तिनं कप खाली ठेवला. "येते न," म्हणाली. "रोज नाई. पण येते. वेणी घालताना येते. वलनीवर कपडे टाकताना येते. मग माह्याच तोंडानं दाब म्हटलं ते आठवते अन् माहाच राग येते. मग जाते."

"मग?"

"मग काय? कपडे तर टाकावेच लागते."

बाहेर एक बाप आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. तिनं त्याला आत बोलावलं, मला खुर्ची जरा मागं घ्यायला सांगितली आणि गादी अंथरली. मुलाचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले होते. तिनं डावा हात त्याच्या मांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाप म्हणाला, "मॅडम, जरा ओढून पाहा न."

"थांबा," ती म्हणाली. "त्याले सुटू द्या."

मी पाहत बसले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग पाय आपसूक थोडे दूर झाले.